आमच्या मागे याचे कोण?

गोमंतकातल्या कोणत्याही गावात घरपट्टीची मागणी चुकली असे सहसा ऐकिवात येत नाही. कुळागराच्या कडेला एकटे उभे असलेले घर असले तरी पंचायतीच्या वहीत त्याचा क्रमांक असतो, आणि मागच्या दारी नव्याने घातलेला पत्र्याचा आडोसाही तिच्या नजरेतून फार दिवस सुटत नाही. परंतु त्याच घराच्या आतल्या खोलीत एखादे मूल जन्मापासून अंथरुणाला खिळलेले आहे काय, आठ वर्षांचे होऊनही एखादे मूल बोलत नाही काय, त्याला सांभाळण्यासाठी त्याच्या आईने हातची नोकरी सोडली आहे काय, यांपैकी कशाचीही नोंद त्या वहीत सापडणार नाही. अशी मुले आपल्या गावात किती, असा साधा प्रश्न एखाद्या सरपंचास किंवा नगरसेवकास विचारून पाहावा. ‘असतील चार-पाच’ यापलीकडे उत्तर मिळण्याचा संभव कमी. घरांची मोजदाद करणाऱ्या संस्थेला घरातल्या माणसांची ही मोजदाद आपले काम वाटत नाही, हीच या प्रश्नाची खरी मेख आहे.

या बाबतीत एकट्या सरपंचाला दोष देण्यात अर्थ नाही. विकलांग मूल हे त्या कुटुंबाचे खाजगी दुःख आहे, समाजाने फार तर त्याबद्दल हळहळावे, अशीच आपणा सर्वांची समजूत आहे. शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत ‘पर्पल फेस्ट’ भरला आणि देशभरातून आलेली विकलांग मंडळी राजधानीच्या रस्त्यांवरून, सभागृहांतून आणि किनाऱ्यावरून मोकळेपणाने वावरताना गोमंतकीयांनी पाहिली. हा उपक्रम स्तुत्य होता आणि तो पुढेही चालू राहिला. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य अनेक घरांत पोचते. विकलांगांसाठी राज्य आयुक्तालय आहे. पण उत्सव संपून मंडप उतरल्यानंतर जे मूल आपल्या गावी परतते, त्याच्या दारापर्यंत दुसऱ्या दिवशी सकाळी कोण जाते, हा प्रश्न शिल्लक उरतो. तो प्रश्न पणजीला विचारण्याआधी आम्ही गावाला विचारू इच्छितो.

तो गावाला विचारण्यास भक्कम आधार आहे. १९९२ साली झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला अकरावे परिशिष्ट जोडले. पंचायतींकडे सोपविता येतील अशा २९ विषयांची यादी त्यात आहे. तिच्यातला २६ वा विषय समाजकल्याणाचा असून, त्यात अपंग व मतिमंद व्यक्तींच्या कल्याणाचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. त्याच वर्षीच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावे परिशिष्ट आणले आणि त्यातल्या १८ विषयांपैकी नववा विषय अपंग व मतिमंदांसह दुर्बळ घटकांच्या हितरक्षणाचा आहे. ‘मतिमंद’ हा शब्द आज आपण टाकून दिला आणि ‘अपंग’ या शब्दाच्या जागी सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ आला. शब्द सुधारले हे चांगलेच झाले. परंतु रस्ते आणि पाणीपुरवठा ज्या यादीत आहेत त्याच यादीत हे मूलही आहे, याचा मात्र सर्वांना विसर पडला. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी आपण पंचांना जाब विचारतो. या मुलासाठी कोणी जाब विचारल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही.

असा जाब विचारणे का आवश्यक आहे, हे समजण्यासाठी काणकोण तालुक्याच्या दक्षिण टोकाला, लोलये-पोळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. मुलाला मेंदूचा पक्षाघात आहे. हातपाय आखडू नयेत म्हणून त्याला नियमित फिजिओथेरपी हवी. त्यासाठी आईने पहाटे उठावे, मुलाचे आवरून त्याला कडेवर घ्यावे, बस गाठावी, करमलचा घाट ओलांडून मडगावला यावे आणि मोठ्या तज्ज्ञाला दाखवायचे असेल तर तेथून दुसऱ्या बसने बांबोळी गाठावी. जाऊन येऊन हा सुमारे दीडशे किलोमीटरांचा प्रवास होतो. मूल तीन वर्षांचे असेतो हे कसेबसे जमते. ते दहा वर्षांचे झाले की त्याचे ओझे आईच्या कंबरेला पेलत नाही, धाकट्या भावंडाची शाळा आड येते, घरधन्याचा रोजगार बुडतो, आणि एके दिवशी उपचार आपोआप बंद पडतो. याला पालकांची अनास्था म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ते अंतर त्यांच्या शक्तीपलीकडचे असते.

उपचारासाठी अशी वणवण, तर कागदांसाठी आणखी वेगळी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र एका ठिकाणी, उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीत, अर्ज तिसऱ्या कार्यालयात, आणि साहाय्य चालू राहावे म्हणून वेळोवेळी हयातीचा दाखला. कोणती योजना कोणत्या खात्याची, कोणत्या वयापर्यंत, किती टक्के अपंगत्वाला, हे सगळे त्या आईनेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून शोधून काढावयाचे. या साऱ्या खटाटोपात पंचायतीशी तिचा संबंध येतो तो रहिवासी दाखल्यापुरता. ते मूल गावचे आहे, एवढे पंचायत शिक्का मारून सांगते. गावचे म्हणून त्याच्यासाठी गाव काय करणार, हा विषय त्या शिक्क्याखाली येत नाही.

पूर्वी हे कसे निभावत होते, असे कोणी विचारील. एकत्र कुटुंबात आजी होती, काकी होती, पडवीवर बसलेला एखादा वृद्ध आजोबा होता; मूल कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिने या मुलांना माजघराच्या अंधारात ठेवले हेही विसरता येत नाही. चवथीला पाहुणे आले की मूल आत नेले जाई. मोठ्या मुलीचे लग्न ठरताना त्याचे नाव कोणी काढत नसे. देवाचा कौल घेतला जाई, नवस बोलले जात, पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब मांडला जाई आणि त्यात आईच्या वाट्याला दोष अधिक येई. श्रद्धेला आमचा विरोध नाही. हताश माणसाला देवळाच्या पायरीवर धीर मिळत असेल तर तो त्याने अवश्य घ्यावा. मात्र ज्या देवळाच्या पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची चढत नाही आणि ज्या जत्रेत त्या मुलाला जागा नाही, त्या देवळाच्या महाजनांनी याचाही विचार करावा. आता ते एकत्र कुटुंब राहिले नाही. घरात आई, बाप आणि मूल एवढीच माणसे उरली, आणि जुन्या घराने जो भार दहा खांद्यांवर वाटून घेतला होता तो दोन खांद्यांवर आला. लाज मात्र पूर्वीइतकीच शिल्लक आहे.

गोमंतकात या मुलांसाठी झटणाऱ्या संस्था आहेत, याची आम्ही कृतज्ञतेने नोंद करतो. पर्वरीची संजय शाळा, फोंड्याजवळ ढवळीचे लोकविश्वास प्रतिष्ठान, जुने गोवे येथील सेंट झेवियर अकादमी यांनी अनेक घरांत उजेड नेला आहे. परंतु शाळा कितीही चांगली असली तरी ती दिवसाचे काही तास आणि आयुष्यातली काही वर्षे पुरते. उरलेले तास आणि उरलेली वर्षे कुटुंबाची असतात. म्हणूनच मुलाबरोबर कुटुंबालाही आधार हवा, आणि तो चालत जाण्याच्या अंतरावर हवा.

स्थानिक संस्था असे काम करू शकते काय, या शंकेला उत्तर देणारी उदाहरणे आहेत. पोर्तुगीज पारपत्र घेऊन इंग्लंडला गेलेल्या, विशेषतः स्विंडन शहरात वस्ती केलेल्या गोमंतकीयांपैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांना तेथे पहिल्यांदा ज्या दारात जावे लागते ते लंडनच्या मंत्रालयाचे नसून त्या शहराच्या कौन्सिलचे असते. आल्फ्रेड मॉरिस या खासदाराने मांडलेल्या खाजगी विधेयकाचा १९७० साली तेथे कायदा झाला. आपल्या हद्दीत विकलांग माणसे किती आणि त्यांना काय हवे याची माहिती करून घेणे हे प्रत्येक स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे, हे त्या कायद्याचे पहिले कलम. पुढे १९८९ च्या बालक कायद्याने हद्दीतल्या विकलांग मुलांची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले आणि अशा प्रत्येक मुलाला ‘गरजू बालक’ मानले. २०११ च्या नियमांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट केली. मुलाला सांभाळणाऱ्या आईबापांना अधूनमधून विसावा मिळावा म्हणून दिवसाचे काही तास, प्रसंगी रात्रभर, मुलाची सोय करणाऱ्या सेवा कौन्सिलने उपलब्ध ठेवाव्यात आणि त्यांचे पत्रक जाहीर करावे, असे त्यांत ठरले. २०१४ च्या कायद्याने मुलाबरोबर पालकांच्या गरजाही स्वतंत्रपणे तपासण्याची तरतूद केली.

तेथे सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. २०१० नंतर केंद्राकडून मिळणारा पैसा आटला आणि अनेक कौन्सिलांनी नेमक्या याच सेवांना कात्री लावली. शिक्षण, आरोग्य व देखभाल यांचा एकत्रित आराखडा मिळालेल्या मुलांची आणि तरुणांची संख्या इंग्लंडमध्ये ६ लाखांवर गेली आहे. आराखडा २० आठवड्यांत व्हावा असा नियम असताना असंख्य पालक त्याहून कितीतरी अधिक काळ ताटकळतात. प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेले की बहुसंख्य निकाल पालकांच्या बाजूने लागतात, यावरून कौन्सिलांनी प्रथम दिलेला नकार किती अन्याय्य असतो हे दिसते. परंतु तेथील पालक भांडतो तेव्हा त्याच्या हाती कलमाचा क्रमांक असतो आणि समोर जबाबदार धरता येईल असे कार्यालय असते. आपल्या पालकाला भांडायचे झाले तर कोणाशी, हेच ठाऊक नसते.

इंग्लंड श्रीमंत आहे, तो दाखला आपल्याला काय कामाचा, असा आक्षेप येईल. म्हणून आपल्याच किनाऱ्याने दक्षिणेकडे जाऊ. केरळात १९९६ साली लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनेतला मोठा हिस्सा पंचायतींच्या हाती आला. त्यातला ठरावीक वाटा मुले, वृद्ध, विकलांग अशा दुर्बळ घटकांवर खर्च करावा, असा दंडक त्याला जोडला गेला. त्यातूनच २००४ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर पंचायतीत बौद्धिक विकलांग मुलांसाठी ‘बड्स’ नावाची पहिली शाळा उभी राहिली. जागा, शिक्षिका, वाहन यांची व्यवस्था स्थानिक संस्थेने पाहावी आणि कुटुंबश्रीच्या महिलांनी त्यांना हात द्यावा, अशी ही रचना. आज अशा शाळा व केंद्रांची संख्या तीनशेवर आहे. काजूच्या बागांवर फवारलेल्या एंडोसल्फानने पोळलेल्या कासरगोड जिल्ह्यात तर या शाळा अनेक घरांचा मोठा आधार ठरल्या. केरळातील पंचायत काही सोन्याची नाही. तेथेही निधी उशिरा येतो आणि शिक्षिकांचे मानधन रखडते. परंतु मूल सकाळी पंचायतीच्या गाडीत बसून जाते आणि दुपारी परत येते. त्या चार-पाच तासांत आई मजुरीला जाऊ शकते, बाजार करू शकते किंवा निदान दोन घटका पाठ टेकू शकते. तिच्या दृष्टीने समाजकल्याणाचा अर्थ तो आहे.

महाराष्ट्राने दुसरा मार्ग धरला. ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदांपर्यंत सर्वांनी आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असा तेथे नियम आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. नियम उत्तम आहे, पण त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून विकलांगांना वारंवार मोर्चे काढावे लागले, हेही खरे. निधी राखून ठेवला आणि कोणासाठी खर्च करावयाचा त्यांची यादीच केली नाही, तर वर्षअखेरीस पैसा पडून राहतो, नाहीतर घाईघाईने चार वस्तू वाटून संपविला जातो. या दोन राज्यांच्या अनुभवातून घ्यावयाचा धडा असा की, आधी नावे हवीत, मग माणूस हवा, आणि त्यानंतर पैसा. हा क्रम उलटला की पैसा असूनही मूल उपाशी राहते.

नावे गोळा करणे गोव्यात कितपत अवघड आहे? २०११ च्या जनगणनेत राज्यात सर्व वयांचे मिळून सुमारे ३३ हजार विकलांग नोंदले गेले. राज्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि पणजीची महानगरपालिका आहे. सरासरी काढली तर एका संस्थेच्या वाट्याला जेमतेम एकशे साठ माणसे येतात, आणि त्यांत मुले थोडीच. त्या जनगणनेत विकलांगतेचे आठच प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, म्हणजे खरा आकडा मोठा निघेल हे मान्य. तरीही एखाद्या अंगणवाडी सेविकेने आणि आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेने पंधरा दिवस घरोघर फिरून पुरे करण्याजोगे हे काम आहे. शाळकरी मुलांतील विकलांगतेची पाहणी दर पाच वर्षांनी करावी, असे हाच कायदा राज्य शासन आणि स्थानिक संस्था या दोघांनाही बजावतो.

माणूस कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तरही गोव्याच्या मातीतच मिळते. स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाशी संवाद साधण्याचे शिक्षण देण्याचा एक प्रयोग गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ मुलांचा त्यात समावेश होता, आणि हे शिक्षण देणारे कार्यकर्ते मोठे तज्ज्ञ नव्हते. रीतसर तयार केलेली ती सामान्य माणसे होती. पालकांच्या वागण्यात आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करण्यात त्यामुळे स्पष्ट सुधारणा दिसून आली. प्रयोग लहान होता, पण त्याचा बोध मोठा आहे. तज्ज्ञांची देखरेख असेल तर प्रत्यक्ष काम गावातली शिकलेली मुलगी करू शकते. मग दर वेळी आईनेच मुलाला घेऊन शहर गाठण्याचे कारण काय?

यास्तव आमचे मागणे माफक आहे. प्रत्येक पंचायतीने आणि पालिकेने आपल्या हद्दीतल्या विकलांग मुलांची नोंदवही ठेवावी. तिची गुप्तता राखावी, पण तीत किती नावे आहेत हे रविवारच्या ग्रामसभेत सांगावे. तीन-चार पंचायती मिळून एक प्रशिक्षित साहाय्यक नेमावा. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी तो पंचायत कचेरीत बसेल, दाखल्यांचे आणि अर्जांचे काम पालकांच्या वतीने पाहील आणि उरलेले दिवस घरोघर जाईल. पंचायतीचे सभागृह, जे लग्नमुंजींखेरीज एरवी कुलपात असते, ते आठवड्यातले काही दिवस या मुलांसाठी उघडावे आणि त्यांना आणण्या-पोचविण्यासाठी एक वाहन ठेवावे. राज्य शासनाने यासाठी अंदाजपत्रकातला निश्चित हिस्सा बांधून द्यावा आणि तो खर्च झाला की नाही हे ग्रामसभेत वाचून दाखविणे सक्तीचे करावे. तीव्र विकलांगतेच्या बाबतीत काळजीवाहकासाठी भत्ता असावा, अशी तरतूद २०१६ च्या कायद्यातच आहे. तो भत्ता आईपर्यंत पोचतो की नाही हे पाहणारे कोणी तरी गावात असावयास हवे. गटारे आणि पथदीप यांच्यासाठी जो ठेकेदार सापडतो, तो शोधण्याइतकीच तत्परता येथे दाखविली तरी पुरे.

या पालकांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. औषधांविषयी, शाळेविषयी, पैशांविषयी सगळे बोलून झाल्यावर, मूल जवळ नाही असे पाहून, आई हळूच विचारते, ‘आमच्या मागे याचे कोण?’ मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते, आणि आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊकही नसते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक विकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ही माहिती तरी पंचायतीने प्रत्येक अशा घरी वेळेवर पोचवावी. परंतु कागदावर पालक नेमला म्हणून त्या आईची काळजी मिटत नाही. आपण गेल्यावर आपल्या मुलाला नावाने हाक मारणारे, त्याला जेवायला काय आवडते हे माहीत असलेले, दोन दिवस तो दिसला नाही तर दार ठोठावणारे कोणी तरी असेल, एवढीच तिला खात्री हवी असते. ती खात्री दूरच्या कोणत्याही खात्याला देता येणार नाही. ती देणे गावाच्याच हाती आहे. येत्या ग्रामसभेत घरपट्टी आणि रस्ते यांचा विषय संपल्यावर कोणा एका ग्रामस्थाने उठून, आपल्या गावात अशी मुले किती आणि त्यांच्यासाठी आपण काय करतो, एवढे विचारावे. ज्या आईला हा प्रश्न आजवर एकटीने विचारावा लागला, तिला तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येऊ द्या.